लार डेलहंटी कुणाचा

लार डेलहंटीबद्दल बोलायचं तर आधी त्याच्या घराबद्दल बोलायला लागतं, आणि त्या घराचं नाव काढलं की माझं डोकं तापतं. एवढंसं दोन खोल्यांचं घर, अगदी ओढ्याच्या काठाला. ओढ्याच्या अलीकडे आमचं किलवार्ना, पलीकडे बॅलिनरीस्क. घर अलीकडे, गोठा अलीकडे, विहीर मात्र पलीकडच्या काठावर. पावसाळ्या-उन्हाळ्यात मेला तो ओढा माझ्या गुडघ्याच्या वर कधी चढला नाही. पण आमच्यात हर्लिंग, म्हणजे आमचा काठी-चेंडूचा खेळ, कुणाकडून खेळायचं हे ज्याच्या त्याच्या मनावर नसतं. ज्या चर्चचा फादर तुमच्या घरी येतो ती तुमची पॅरिश, जी पॅरिश तो क्लब, आणि क्लब एकदा ठरला की मरेपर्यंत तोच. माणसं देश सोडतात, बायको सोडतात, दारूसुद्धा सोडतात. क्लब सोडलेला माणूस मी पाहिला नाही.

मी स्वतः पलीकडची, बॅलिनरीस्कची. वॅट केनेडीशी लग्न करून किलवार्नात आले त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. तीन पोरं इथे वाढवली, नवरा इथल्याच मातीत ठेवला, क्लबच्या हॉलमध्ये हॅमची सँडविचं कापून कापून बोटं वाकडी झाली. तरी आजही शब्दाला शब्द लागला की कुणीतरी म्हणतंच, "नोनी काय बाबा, पलीकडचीच ती." म्हणू देत. त्यामुळे मला दोन्ही काठांचं कळतं, आणि दोन्ही काठांवर गाढवंच राहतात हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

लार गोलासमोर उभा राहायचा. उंच, हाडापेराने रुंद, चालीला जरा जड. मैदानाबाहेर त्याच्या तोंडून दोन वाक्यं काढायची म्हणजे दगडातून तेल काढणं. पण हातात हर्ली, म्हणजे खेळायची काठी, घेऊन गोलासमोर उभा राहिला की समोरून चेंडू येवो, माणूस येवो, तिथून पुढे वाट नाही. एकदा चेंडू हातात सापडेना म्हणून सरळ छातीवर घेतला. एक बरगडी गेली. तेव्हा कुणी डोक्याला टोपसुद्धा घालत नसे. माझा वॅट म्हणायचा, "लारच्या मागे गोलकीपर कशाला लागतो? एक खुर्ची दिली तरी चालेल." काउंटीचा, म्हणजे सगळ्या जिल्ह्याचा, संघ निवडणारे लोक त्याला बघायला दोनदा येऊन गेले होते. हिवाळ्यात त्याला काउंटीच्या चाचणीला बोलावणार, असं नक्की झालं होतं.

घरात तो आणि त्याची आई हॅना, दोघंच. बाप कामाला म्हणून कोव्हेंट्रीला गेला आणि तिथेच मेला, तिथेच पुरला. हॅना पण माझ्यासारखीच पलीकडून आलेली. लहानखुरी, तिखट जिभेची. लार खेळायला निघाला की दारात उभी राहून ओरडायची, "दात तरी घेऊन ये रे घरी!"

त्या वर्षी काय आक्रीत घडलं कोण जाणे, किलवार्ना जिंकतच गेलं. आमच्या क्लबाने काउंटीचा कप कधीच जिंकला नव्हता. आजे गेले, बाप गेले, कप काही कुणी पाहिला नाही. आणि आता अंतिम सामना, तोही कुणाशी, तर बॅलिनरीस्कशी! बाजारात एकमेकांकडे बघेनासे झाले लोक. माझा सख्खा भाऊ माझ्या घरी चहाला यायचा बंद झाला.

सामना ऑक्टोबरात. त्याच्या आधी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी डब्लिनला सगळ्या देशाची फायनल. तो दिवस आमच्याकडे सणाहून मोठा. किलवार्नाचा फादर क्विर्क भल्या पहाटे मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, उरकून दोन गाड्या भरून माणसं घेऊन गेला. गावात राहिलो आम्ही बायका, म्हातारे, आणि लार. लार राहिला कारण हॅनाला आठवडाभर बरं नव्हतं.

दुपारी तिला झटका आला. लार आमच्या दारात आला तेव्हा तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. "नोनी, फादर पाहिजे." मी म्हटलं, "अरे, फादर कुठला आता? तो डब्लिनला बसलाय, संघाच्या रंगाची कागदी टोपी घालून." तो मग वळला आणि पळत सुटला, ओढा ओलांडून, शेतातून, थेट बॅलिनरीस्कच्या चर्चकडे. तिथला फादर म्हातारा, ठार बहिरा, हर्लिंगचा त्याला तिटकारा, म्हणून तो एकटा घरी होता. लारने त्याला जवळजवळ उचलूनच आणला. मी हॅनाचा हात धरून बसले होते. फादर आला, मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल त्याने लावलं, प्रार्थना म्हटली. हॅनाने डोळे उघडून लारकडे पाहिलं, आणि दिवे लागायच्या आत गेली.

तिने आधीच सांगून ठेवलं होतं, मला माझ्या माणसांत ठेवा. नवरा कोव्हेंट्रीत, मग किलवार्नात तिचं होतं कोण? तिला बॅलिनरीस्कला ठेवलं, तिच्या आईबापांच्या शेजारी, माझ्या वडिलांपासून दोन रांगा सोडून. यात कुणाचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आई मरते आहे, जवळचा फादर घरात नाही, मुलगा दुसऱ्याला बोलावतो. कुठल्याही देशात कुठलाही मुलगा हेच करील.

महिन्याभराने सामना झाला. लार काळी फीत बांधून खेळला. आम्ही एका पॉइंटने जिंकलो. शेवटच्या मिनिटाला बॅलिनरीस्कची तीन माणसं गोलावर चालून आली, आणि लारने काय केलं ते मला धड दिसलं नाही, कारण मी एप्रनने डोळे झाकले होते. उघडले तेव्हा चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि लार गुडघ्यावर बसला होता. कर्णधार होता जेर ओमेरा. त्याने लारच्या मानेला मिठी मारली ती सोडेचना. त्या संध्याकाळी पॅरिशच्या हद्दीवर माणसं गाडीतून उतरली आणि कप हातात घेऊन पायी आत आली. चौकाचौकात शेकोट्या पेटल्या. म्हातारे रडले. मी पलीकडची असून मीही रडले.

दहा-बारा दिवस कप किलवार्नात होता. मग बॅलिनरीस्कने तक्रार केली. नाचता येईना, अंगण वाकडं! तक्रार काय, तर "लार डेलहंटी आमच्या पॅरिशचा, तो किलवार्नाकडून खेळला, म्हणून सामना आमचा." पुरावा काय? तर "त्याच्या आईला तेल आमच्या फादरने लावलं, मासही आमच्याच चर्चमध्ये झाली, पुरली आमच्या मातीत. मग घर कुणाचं?" ही अक्कल लढवली त्यांच्या सेक्रेटरीने, टिम ग्लीसनने. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तेव्हाही मेला असाच होता.

काउंटीच्या कमिटीने लारला बोलावलं. जायच्या आधी जेर आमच्या स्वयंपाकघरात त्याला समजावत होता, मी चहा ओतत होते.

"लार, एवढंच विचारतील, आईला तेल कुणी लावलं. तू सांग, आमचा फादर आला होता. फादर क्विर्क हो म्हणायला तयार आहे."

"तो डब्लिनला होता."

"अरे होता, पण ते त्यांना काय माहीत!"

"मला माहीत आहे ना."

"लार, अख्खी पॅरिश तुझ्या एका शब्दावर उभी आहे रे!"

लारने चहाचा कप खाली ठेवला. "आईच्या मरणावर मी खोटं बोलणार नाही, जेर," तो म्हणाला. आणि खोटं बोललाच नाही तो. जिंकलेला कप ओढ्यापलीकडे गेला आणि तिथल्या कपाटात बसला.

त्या हिवाळ्यात लारला कुणी वाईट बोललं नाही. बोललंच नाही कुणी. तो पबमध्ये शिरला की गप्पा हवापाण्यावर यायच्या. मग एका संध्याकाळी कुणीतरी, नाव नाही घेत, मेला तो बिचारा, दोन पेले जास्त झाल्यावर बोलून गेला, "एका म्हातारीच्या तेलापायी कप गेला." लार दारातच उभा होता. त्याने ऐकलं. पेला न मागताच परत फिरला. वॅटने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी भाजीची सुरी तशीच फेकली. जिभेला हाड नसतं हेच खरं.

काउंटीच्या चाचणीला तो गेला नाही. आणि त्या दिवसापासून लार डेलहंटीने ओढा ओलांडला नाही. विहीर पलीकडे, तर नळ येईपर्यंत तो चौकातल्या पंपावरून बादल्या वाहत राहिला. बाजार पलीकडच्या रस्त्याने जवळ, तर तो फेरा घालून जायचा. त्याच्या मनाने घेतलं ते हेच: मी एक पाऊल तिकडे टाकलं की लोक म्हणतील, बघा, तिकडचाच होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण हा पीळ अभिमानाचा नव्हता, भीतीचा होता. आपण कुणाचेच उरणार नाही, ही भीती.

आणि आई पलीकडे.

आमच्याकडे जुलैत एक रविवार थडग्यांचा असतो. प्रत्येक पॅरिशमध्ये सगळी माणसं दफनभूमीत जमतात, आपापल्या माणसाच्या थडग्याशी उभी राहतात, आणि फादर पाणी शिंपडत फिरतो. कोण कुठे उभा आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि त्यासाठीच अर्धे लोक येतात. त्या दिवशी लार किलवार्नाच्या दफनभूमीत भिंतीशी टोपी हातात धरून उभा राहायचा. शेजारी थडगं नाही, काही नाही. मला बघवायचं नाही.

बॅलिनरीस्कचा रविवार आमच्या नंतरच्या आठवड्यात. मी वडिलांच्या थडग्यासाठी जायचे. पहिल्याच वर्षी जायच्या आदल्या दिवशी लार दारात. हातात परसातल्या डालियाची जुडी.

"तुझ्या वडिलांना," म्हणाला. "फुलं आवडायची ना त्यांना?"

"माझ्या बापाला फक्त बाटली आवडायची, लार."

तो लालबुंद झाला. मी फुलं घेतली. दोन्ही थडग्यांवरचं गवत काढलं, फुलं हॅनाला दिली. परत आल्यावर तो कुंपणाशी उभाच. "गवत फार होतं का?" म्हटलं, "नव्हतं." "दगड कलला तर नाही?" "नाही रे बाबा, सरळ आहे." मग गेला. पुढे दर वर्षी हेच. डालिया माझ्या बापाच्या नावाने, गवत आणि दगडाची चौकशी, आणि मान हलवून चालायला लागणं. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, "मी काय तुझी नोकर आहे? स्वतः जा की एकदा! आई आहे तुझी, कुठला गुन्हा आहे?" त्याने इतक्या हताश डोळ्यांनी पाहिलं की मी जुडी त्याच्या हातातून काढून घेतली.

हळूहळू किलवार्नाचं मन त्याच्याबद्दल पालटलं. माणसं रागावून किती वर्षं रागावतील? पण आमच्या लोकांना अर्धं काही येतच नाही. आधी त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं, मग डोक्यावर घेतलं. लार म्हणजे आमच्यावर झालेला अन्याय. नव्या पोरांना मैदानावर नेऊन सांगायचे, "हा बघ, लार डेलहंटी. याच्याकडून कप चोरला त्यांनी." जेर ओमेरा क्लबचा अध्यक्ष झाला. दर वर्षीच्या जेवणात त्याचं भाषण लारवर यायचं. खोटं नाही बोलणार, जेरने त्याच्यावर जीव लावला. लारच्या गोठ्याचं छप्पर उडालं तेव्हा पहिला शिडी घेऊन आला तो जेर. आणि लार? तो मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा, जाळी शिवायचा, पोरांना हर्ली धरायला शिकवायचा, आणि भाषण सुरू झालं की ताटातल्या बटाट्याकडे बघत बसायचा.

पोरं मात्र उरेनात. शाळा संपली की सिडनी, टोरोंटो, नाहीतर डब्लिन. माझी तिन्ही गेली. शाळेतल्या मास्तरणीने तर दोन्हीकडची लहान पोरं कधीच एकत्र खेळवायला घेतली होती, कारण एकेका बाजूला सातसुद्धा भरत नव्हती. मोठ्यांचं तसंच होत आलं. मैदानावर पंधरा माणसं लागतात. एका वर्षी आम्ही चौदा उतरलो, त्यातला एक लंगडा. मग कुजबुज सुरू झाली, दोन्ही क्लब एक करू या म्हणून.

त्याच शरदात लारचा खोकला वाढला. फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा गार झाला तरी हात लावला नाही.

"नोनी, क्लब एक होतील का गं?"

"तुला आता क्लबचं पडलंय? मुलखावेगळा आहेस अगदी!"

"क्लबचं नाही," तो म्हणाला. "दोन्ही एक झाले की ओढा उरत नाही. मग मी कुणाचा हे कोण विचारणार? मग मला आईजवळ ठेवता येईल."

इतकी वर्षं ओळखत होते त्याला. 'आई' हा शब्द त्या तक्रारीच्या दिवसांनंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. मला उठून नळ सोडावा लागला, उगाचच.

सभा जानेवारीत झाली, रविवारी मास सुटल्यावर, हॉलमध्ये. सगळी पॅरिश आली होती. लार पहिल्या रांगेत, कोटाच्या आत दोन स्वेटर घालून. आधी एक तरुण प्रशिक्षक उठला. म्हणाला, या मोसमात माझ्याकडे अकरा जण आहेत, दुसरा उपाय नाही. लोक माना डोलवत होते. मला वाटलं, झालं, जमलं.

मग जेर उठला.

"मलाही कळतं, अकरा माणसांत संघ होत नाही," तो म्हणाला. "आकडे मलाही येतात. पण मी एवढंच विचारतो. हा समोर बसलाय, हा लार. याच्या आईच्या मरणाचा पुरावा करून ज्यांनी आपला कप नेला, त्यांची जर्सी याच्या डोळ्यांदेखत अंगात घालायची? कुठल्या तोंडाने? मी जिवंत आहे तोवर लारला हे बघायला लावणार नाही."

हॉल दणाणला. पाय आपटले लोकांनी. मी लारकडे पाहिलं. तो खुर्चीचा हात धरून उठत होता. उठायलाच त्याला इतका वेळ लागला की सगळे गप्प झाले.

"जेर," तो म्हणाला. मध्ये थांबून श्वास घेतला. "मला चालेल. एक व्हा. माझी... माझी तशी इच्छाच आहे."

जेरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "बघा!" तो लोकांकडे वळला. "बघितलंत? याला म्हणतात माणूस! क्लबसाठी स्वतःचं दुःख गिळायला निघालाय. आणि आपण ते गिळू द्यायचं?"

"नाही!" सगळा हॉल ओरडला.

मी उठले. "अरे मूर्खांनो, तो काय म्हणतोय ते ऐका की! तो दुःख गिळत नाही, मागतोय तुमच्याकडे काहीतरी!"

मागून कुणीतरी बोललंच, "नोनी, तू बस. पलीकडची आहेस तू." लोक हसले. विरोधात हात वर झाले. पडला ठराव. बाहेर पडताना एकेक जण लारच्या पाठीवर थाप मारून जात होता, आणि तो प्रत्येक थापेला खोकत होता.

गाडीत बसल्यावर तो बराच वेळ काच पुसत राहिला. मग म्हणाला, "मी बोललो ना, नोनी?"

"बोललास."

"नीट बोललो?"

"नीट बोललास. त्यांचेच कान फुटलेत." मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "हे बघ लार, जाऊ दे सगळ्यांना खड्ड्यात. आत्ता गाडी वळवते. दहा मिनिटांत पोचू. आईला भेटून ये."

त्याने पुलाच्या दिशेने पाहिलं. मला वाटलं, हो म्हणतोय. मग त्याची मान हलली.

"आत्ता? हॉलमधून उठून सरळ तिकडे?" तो म्हणाला. "माझ्यासाठी हात वर केले त्यांनी, नोनी. जेर रडला. आता मी कसा जाऊ?"

त्याच्यावर रागावले, जेरवर, हॅनावर, डब्लिनच्या त्या फायनलवर. पण करणार काय? जी माणसं प्रेम करतात त्यांच्याशी भांडता येत नाही, निदान लारला तरी येत नव्हतं. घरी सोडलं त्याला.

वसंतात तो हॉस्पिटलात गेला तो परतला नाही. मी आणि जेर पाळीपाळीने बसायचो. एका दुपारी दोघंही होतो. लारने जेरचा हात धरला. "जेर, मला पलीकडे ठेव. आईशेजारी." स्पष्ट बोलला, मी ऐकलं. जेरने त्याच्या कपाळावरचे केस सारले आणि पोराला समजावतात तसा म्हणाला, "कुठे पलीकडे जातोस रे? आम्ही आहोत ना. कुठ्ठे जाऊ देणार नाही तुला." व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाला, "औषधांनी भ्रम होतो गं. ऐकलंस ना काय बोलला?"

"भ्रम नाही तो, जेर."

"चाळीस वर्षं ओढ्याकडे बघितलं नाही त्याने. आणि तू मला सांगतेस त्याला काय पाहिजे?"

लार दोन दिवसांनी गेला. घरी आणलं त्याला. जेरने क्लबची जर्सी आणली, इस्त्री करून, शवपेटीवर पसरायला. मी पेटीपुढे आडवी उभी राहिले. "आधी ठरव, कुठे पुरायचं. त्याने तुझ्यासमोर सांगितलंय." शब्दाला शब्द वाढत गेला. प्रेताशेजारी भांडलो आम्ही, सगळ्यांसमोर, मला त्याची लाज नाही. शेवटी बॉस्टनला लारचा भाचा आहे, लांबचाच, त्याला फोन लावला. त्याने लारला आयुष्यात एकदा पाहिलेलं. म्हणाला, "क्लबला काय वाटतं? ते म्हणतील तसं करा." संपलं.

"एकदा याच्यापायी कप गमावला आपण," जेर म्हणाला, आणि हुंदका आला त्याला. "आता यालाही त्यांच्या हवाली करू? नाही नोनी. तो आमचा आहे."

एवढी मोठी अंत्ययात्रा किलवार्नाने पाहिली नव्हती. दुतर्फा जर्सी घातलेली माणसं, म्हातारी-तरुण, हर्ल्या उभ्या धरून. पेटी आळीपाळीने खांद्यावर घेतली, जेरने तर आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी शेवटपर्यंत. पलीकडचेही आले होते, टोप्या काढून, मागे. मातीनंतर टिम ग्लीसन पुढे आला. फार म्हातारा झालाय, काठी टेकत. त्याने जेरचा हात हातात घेतला. "हॅनाशेजारची जागा आम्ही कुणाला दिली नव्हती," तो म्हणाला. "म्हटलं, येईल कधीतरी." जेर हात सोडवून घेऊन दुसऱ्या माणसाकडे वळला. मी एकटीच उभी राहिले आणि मोठ्याने रडले, लोकांना वाटलं लार गेला म्हणून; मी रडत होते त्या राखून ठेवलेल्या जागेसाठी.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नऊ माणसं भरली. पहिलाच सामना न खेळता सोडून द्यावा लागला, मग दुसरा. पुढच्या जानेवारीत पुन्हा सभा. या वेळी भाषणं नाहीत, काही नाही. एक होण्याचा ठराव खुद्द जेरने मांडला. चहाचं पाणी उकळायच्या आत हात वर होऊन खालीही आले. एकही माणूस विरोधात गेला नाही. गेल्या वर्षी पाय आपटणारे तेच.

नव्या क्लबाचा पहिला सामना बघायला मी गेले. मैदान तेच, रेघा कुणीतरी वाकड्या मारलेल्या. जर्सी अर्धी आमच्या रंगाची, अर्धी त्यांच्या. जेर आणि टिम ग्लीसन कुंपणाला टेकून शेजारी शेजारी उभे, एकाच थर्मासातून चहा पीत. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काय गं नोनी, ये, चहा घे," जेर म्हणाला.

"आता तर झालं ना एक?" मी विचारलं. "मग लारला कधी नेताय आईकडे?"

टिमने मान खाली घातली. जेरचा चेहरा जरा उतरला, पण लगेच त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, तेच तर मला सहन होत नाही.

"झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं, नोनी? आता तर सगळं आपलंच आहे. इकडे काय नि तिकडे काय."

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. "एवढंच वाक्य, जेर," मी म्हटलं, "एवढंच एक वाक्य गेल्या वर्षी हॉलमध्ये म्हणायचं होतंस. तो पहिल्या रांगेत बसला होता."